चार आवर्तनं गप्प

जानेवारी लागला की माझ्या टेबलावरचा चहा थरथरायला लागतो. उंब्रजजवळ हायवेला लागून माझा जुन्या ट्रॅक्टरांचा अड्डा आहे. बंद पडेल ते घ्यायचं, उघडायचं, दुरुस्त करून विकायचं. गळीत हंगाम सुरू झाला की समोरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात, एकामागे दोन जोडलेल्या, दोन्ही अंगांनी उसाचे शेंडे लोंबत. ड्रायव्हरच्या डोक्यामागे कपाटाएवढे स्पीकर. गाणं कुठलं लागलंय हे लांबून कळत नाही. सगळ्यात आधी पोचतो तो बेस. शेडचा पत्रा गुरगुरतो, पान्ह्यांचा डबा किणकिणतो, आणि कपातल्या चहावर बारीक गोल गोल कडी उमटतात. माझ्याकडचे मेकॅनिक हातातलं काम सोडून रस्त्याकडे बघतात.

"काय बेस हाय गड्या!"

मी खेकसतो, "कामं करा." त्यांना वाटतं शेठला आवाजाचा त्रास होतो.

मी स्वतः बेस गिटार वाजवायचो, हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. सांगून उपयोग काय? समोरच्याला आपली एक दुखरी जागा कळली की तो पुढच्या सौद्यात बरोबर तिथेच बोट ठेवतो. माणसांकडून मी एवढं नक्की शिकलो आहे.

आमच्या बँडचं नाव होतं 'पाचट', म्हणजे उसाचा वाळका पाला. आम्ही तिघंच. अभिजित, म्हणजे अभ्या, गायचा आणि गिटार वाजवायचा. साताऱ्यातल्या एका रिटायर्ड सुभेदारांचा मुलगा, घरात इस्त्रीच्या कपड्यांचा आणि बूट पॉलिशचा वास. मुनीर ड्रमवर; तो इथलाच, उंब्रजचा, त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवत. आणि मी पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातला, मेंढरांमागे फिरलेल्या घरातला, साताऱ्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकायला आलेला जालिंदर. अभ्याला बेसवाला पाहिजे होता. कॉलेजातल्या पोरांना गिटार पाहिजे, माईक पाहिजे. चार जाड तारांचं ते धूड कुणालाच नको होतं. मला काहीही चाललं असतं. मला फक्त त्या खोलीत राहायचं होतं.

बेस मी सांगलीत मिळवला. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातले एक म्हातारे वादक होते, त्यांच्या कॉटखाली तो पडून होता, बेडशीटमध्ये गुंडाळलेला. तो सौदा मी माझ्या चुलत्यांच्या पद्धतीने केला. आमचे तात्या जनावरांच्या बाजारातले दलाल. आमच्याकडे त्यांना हेडी म्हणतात. खांद्यावरच्या टॉवेलाखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने मात्र पावसापाण्याच्या गप्पा. आणि जमेनासं झालं की उठायचं. हे उठणं म्हणजे जाणं नव्हे. तात्या टॉवेल तिथेच बैलाच्या पाठीवर ठेवून उठत, चार पावलं टाकत, पानाच्या टपरीपाशी उभे राहत. टॉवेल मागे राहिला याचा अर्थ गिऱ्हाईक मनाने अजून बैलापाशीच आहे, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही कळे. मग मागून हाक येई, "आवं तात्या, या की माघारी!" आणि सौदा अर्ध्या वाटेवर आलेला असे. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या गोष्टी अशाच ठरतात. लग्नं, जमिनी, भांडणं. कुणीतरी उठायचं आणि कुणीतरी हाक मारायची.

सांगलीच्या त्या जिन्यावरून मी तीनदा उतरलो, माझी पिशवी त्यांच्या कॉटवर ठेवून. तिन्ही वेळा म्हाताऱ्यांनी बोलावलं. बेसचं एक शिंग तुटकं होतं. ते मी मिरजेच्या एका सतारी करणाऱ्या कारागिराकडून नीट करून घेतलं. त्याने भोपळ्यांच्या राशीतून वर बघून विचारलं, "हे काय आणलंय?" मी म्हटलं, "तंबोऱ्याचा थोरला भाऊ." त्याने सतारीचं उरलेलं लाकूड लावून जोड दिला. रंग जमला नाही. काळ्या बेसला एक तपकिरी शिंग.

तालमीची आमची जागा म्हणजे उसाच्या रानातलं एक बंद पडलेलं गुऱ्हाळ. गूळ आटवायच्या काहिलीचा खड्डा तसाच होता, त्यात मुनीर ड्रम मांडायचा. तो कमरेपर्यंत जमिनीत आणि वर नुसते हात हलताना दिसायचे. भिंतींवर वर्षानुवर्षांची काजळी, तिला हात लागला की गोडसर चिकट. कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात दिवसा असे त्या आठवड्यात आमची तालीम. शेजारच्या रानातली मोटर सुरू झाली की वीज कमी पडून अभ्याचा आवाज बसल्यासारखा येई, आणि तो माईक खाली ठेवून मालकाच्या नावाने ओरडे. बाहेर बांधावर ऊसतोडीची माणसं बसून भाकरी खात आमच्याकडे बघत.

"ही चार तारांची का रं? दोन तुटल्या व्हय?"

"आवं, वाजतंय का ते? का नुसतं खाजवतुय?"

सगळे हसत. मीही हसे, आणि आतून जळे. अभ्याच्या गिटारने एक सूर काढला की माना वळत. मुनीरने काठी आपटली की पोरं दचकत. माझं कुणाला कळतच नव्हतं. मी वाजवतोय की थांबलोय हे फक्त आमच्या दोघातिघांना माहीत. खड्ड्याच्या काठावर बसलं की बेसचा आवाज मला कानाने नाही, तंगड्यांतून यायचा. काजळीचे कण भिंतीवरून हळूच सुटायचे. तेवढाच मला पुरावा.

मग मी माझं वजन दुसरीकडून वसूल करायला लागलो. कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे. गणेशोत्सवाच्या मंडळांशी, कॉलेजच्या पुढाऱ्यांशी मी असा भांडायचो की अभ्या बाहेर जाऊन उभा राहायचा. आणि तीच सवय मी खड्ड्यातही आणली. पोस्टरवर माझं नाव शेवटी आलं, मी उठलो. तालमीची वेळ मला न विचारता ठरली, मी उठलो. बेस भिंतीला टेकवून ठेवायचा, आणि बांधापर्यंत जाऊन उभं राहायचं. मागून मुनीरची हाक ठरलेली. "ए जालू, ये की रं माघारी, नाटकी!" मी परत यायचो, आणि माझं थोडंफार तरी मान्य झालेलं असायचं.

तो एक हंगाम माझ्या अंगावरून गेलेलाच नाही. वाऱ्याला मळीचा आंबूस वास, सकाळी धुकं, दुपारी पाठीला ऊन आणि पायांना गार माती. त्या वर्षी अभ्याने 'भोंगा' नावाचं गाणं केलं. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या एका बाईचं गाणं. चाल त्याची, शब्द त्याचे. पण खालून जी ओळ फिरत राहते, रुळावरून वॅगन जावी तशी, ती माझी. ती मला ट्रॅक्टर शिकताना सापडली. एक सिलिंडर चुकत असलेलं इंजिन कसं लंगडत चालतं, तसं ते होतं. अभ्याने ती पहिल्यांदा ऐकली. तो गिटार बाजूला ठेवून ऐकत बसला. त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता काहीतरी मिळवलं होतं.

रेकॉर्डिंग सांगलीला, हळदीच्या गोदामावरच्या एका खोलीत. भिंतींना पोती ठोकलेली, आणि सगळ्याला हळदीचा वास, माईकलासुद्धा. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मग शेवटच्या कडव्याआधी अभ्याने हात वर केला.

"जालू, इथं तू थांब. चार आवर्तनं."

"का? चुकलं माझं?"

"चुकलं नाही. इथं बेस नको. नुसता आवाज आणि मुनीरची एक काठी."

"आधीच मला कोण ऐकत नाही. आणि बाकीचं सगळं बंद होऊन मी ऐकू येईन, तिथंच म्हणतोस गप बस?"

"गाण्याला पाहिजे म्हणून सांगतोय."

"मग असं कर. दोन मी वाजवतो, दोन गप्प."

अभ्या हसला. "ही काय म्हैस आहे का रे, मध्यावर तोडायला?"

रेकॉर्डिंगवालाही हसला. मला वाटतं त्याचं हसणंच मला जास्त लागलं. मी बेस गळ्यातून काढला, शेजारच्या खुर्चीवर नीट आडवा ठेवला आणि उठलो.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथून ती खिडकी दिसत होती. मी एक चहा घेतला, मग दुसरा. हमाल हळदीची पोती उतरवत होते, त्यांच्या पाठी पिवळ्या, कान पिवळे. खिडकीत कुणी आलं नाही. मी मनात हिशेब मांडत होतो, हाक आली की तीन आवर्तनं वाजवण्यावर अडून बसायचं. थोड्या वेळाने म्हटलं, दोन. ऊन टपरीच्या फळीवरून खाली सरकून माझ्या चपलांवर आलं. म्हटलं, एक मिळालं तरी चालेल. मग कराडकडे जाणारी एसटी आली आणि मी तिच्यात चढलो. बेस वरच राहिला. मागायला जायचं म्हणजे आपण होऊन परत जायचं, आणि ते मला जमण्यासारखं नव्हतं.

गाणं दुसऱ्याच कुणाकडून बेस वाजवून घेऊन पुरं केलं. ओळ माझीच ठेवली होती. दोन हंगामांनी ते उसाच्या ट्रॅक्टरांवर पोचलं. ड्रायव्हर पोरांना भोंगा हा शब्दच जवळचा. तेव्हापासून दर जानेवारीला माझी ओळ माझ्या दारावरून जाते, परक्या बोटांची. ट्रॅक्टर अड्ड्यासमोरून जायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं ऐकायचं, आणि पुढच्याची वाट बघायची नाही असं ठरवून वाट बघायची. पूर्ण गाणं मी तेरा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. फोनवर शोधलं असतं तर सापडलं असतं. शोधलं नाही. राग धरून ठेवायला अर्धं मिनिट भरपूर होतं. त्याच रागावर मी हा अड्डा उभा केला असं कधी कधी वाटतं; समोरच्या प्रत्येक गिऱ्हाइकात मला अभ्या दिसायचा, आणि मी त्याला एक पैसाही सोडायचो नाही.

अभ्यावर राग होता, पण खरा राग मुनीरवर. अभ्या छावणीत वाढलेला, त्याला उठणं म्हणजे जाणं वाटलं असेल. मुनीरला बाजार माहीत होता. बेस खुर्चीवर ठेवला होता मी. मुनीरला कळत होतं.

या जानेवारीत मुनीर माझ्या अड्ड्यावर आला. त्याच्या भावाला ऊस ओढायला जुना ट्रॅक्टर पाहिजे होता. दाढीत पांढरे केस आलेत, पोट सुटलंय. चालताना उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरतात, ते मात्र तसंच. त्याने एका ट्रॅक्टरच्या चाकाला लाथ घातली.

"ह्ये टायर तुज्या लग्नातलं हाय का रं?"

"माझ्या लग्नाला तू नव्हतास. तुला कसं कळणार?"

"बोलीवलं असतंस तर आलो असतो."

त्याने बाकड्यावर बसून चहा घेतला. एक ट्रॅक्टर समोरून गेला, पत्रा गुरगुरला, आणि दोघंही उगीच कपात बघत बसलो. मग तो म्हणाला, "अभ्या परदेशी चाललाय. पाचट बंद. रविवारी शेवटचा कार्यक्रम हाय, साताऱ्यात. दुपारी तालीम."

"बोलवायला आलास, का सांगायला आलास?"

"सांगाय."

तेव्हा माझा तोल गेला. तेरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "त्या दिवशी हाक का मारली नाहीस? त्याला ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक होतं."

"व्हय. ठावं हुतं."

"मग?"

मुनीरने कप खाली ठेवला. "जालू, तीन वर्सं तू दर आठवड्याला उठायचास. दर बारीला मागनं मी. अभ्या म्हनायचा जाऊ दे त्याला, मी म्हनायचो न्हाई, येतुय त्यो. त्या दिशी बी जिन्यापतुर आलो हुतो. वरनं तुजं डोस्कं दिसत हुतं, च्या पितुयास. मनात म्हटलं, एक डाव ह्यो आपल्या पायानं येऊ दे. एकच डाव. मग जलमभर हाक मारीन."

"मग?"

"मग एस्टी आली."

मी त्याला म्हटलं, तुला ट्रॅक्टर देत नाही, जा. तो उठला. टोपी डोक्यावर घातली, रुमाल आठवणीने खिशात ठेवला आणि गेला. बाकड्यावर त्याचं काहीच राहिलं नव्हतं.

रविवारी बायकोला सांगितलं, मेढ्याला एक ट्रॅक्टर बघायला जातो. साताऱ्यात मेढ्याचा फाटा आला आणि मी गाडी शहरात घातली. स्वतःशीसुद्धा मी खोटं बोलत होतो. म्हणत होतो की बेस परत घ्यायला चाललोय, माझ्या हक्काची वस्तू.

हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. तालीम चालू होती. अभ्याचे केस विरळ झालेत. बेस एक पस्तिशीतली बाई वाजवत होती, चष्मा, साधा पंजाबी ड्रेस, बाह्या वर सारलेल्या. तपकिरी शिंग मी लांबून ओळखलं. दोन माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडत होती, दगडी फरशीवर कर्कश घासत. मग 'भोंगा' सुरू झाला.

ओळ तीच. लंगडणारं इंजिन. माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवत होती ती. मी चुका शोधायला उभा होतो, सवयीने, जुन्या ट्रॅक्टरभोवती फिरतात तसा. एक सापडली नाही. शेवटचं कडवं जवळ आलं, आणि ती थांबली.

कारखान्याजवळच्या गावांत हंगामभर एक घरघर असते. चार दिवसांनी ती कुणाला ऐकू येत नाही. ज्या दिवशी हंगाम संपून पट्टा पडतो आणि गाळप बंद होतं, त्या दिवशी बायका हातातलं पीठ तसंच ठेवून दारात येतात, काय झालं म्हणून. तसं झालं. हॉलच्या जमिनीखालून काहीतरी निघून गेलं. खुर्च्या मांडणारे दोघंही जागच्या जागी उभे राहून मान वर करून बघायला लागले. एकाने त्या बाईकडे बघितलं. अख्ख्या गाण्यात बेसकडे कुणी बघितलं असेल तर ते याच वेळी, तिचे हात स्थिर असताना. अभ्याचा आवाज एकटाच वर गेला, मुनीरची काठी टिक टिक करत राहिली. चार आवर्तनं. मी मोजली. आणि बेस परत आला तेव्हा माझ्या पोटऱ्यांतून तो चढला, गुऱ्हाळात चढायचा तसा.

मी तीनावर अडणार होतो. दोनावर, मग एकावर. चारही आवर्तनं गप्प राहिलो असतो तर लोकांनी मान वर करून मला शोधलं असतं.

गाणं संपल्यावर मुनीरने मला बघितलं. तो जागेवरून उठला नाही, काठीने माझ्याकडे बोट करून त्या बाईला म्हणाला, "म्याडम, ह्यो बगा. ही वळ ह्येची."

ती सांगलीची दातांची डॉक्टर निघाली. घाईघाईने पुढे आली. "अय्या, तुम्हीच का ते जालिंदर? सहा महिने घालवले मी या ओळीवर. आणि ते थांबणं! तिथं दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. कसं सुचलं हो तुम्हाला?"

अभ्या पाठमोरा वायर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. पण तिची चूक दुरुस्त करायला तो वळला नाही. तो ते मला देऊन टाकायला तयार होता, मला कळलं. आयुष्यात फुकट मिळणारी वस्तू मी कधी सोडलेली नाही.

"ते माझं नाही," मी म्हणालो. "ते अभ्याचं. मी भांडलो होतो त्याच्यावरून."

अभ्या वळला. "दोन दे म्हणत होता," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मी म्हैस म्हणालो. ते बोलायला नको होतं रे."

"खरंच होतं," मी म्हटलं.

तिने बेस काढून माझ्या गळ्यात घातला. कुणी नको म्हणालं नाही. पट्टा माझ्या पोटाला घट्ट झाला. पहिला सूर दाबला तर तार बोटात रुतली; तिथलं घट्टे पडलेलं कातडं कधीच गेलं होतं, आणि ते गेल्याचं मला त्याच क्षणी कळलं. मुनीरने हळू ठेका दिला. मी दोनदा उशिरा आलो. तिसऱ्यांदा त्यानेच माझ्यासाठी ठेका हळू केला, आणि ते मला सहन होईना. मी बेस तिच्या हातात परत दिला. तुमच्याकडेच राहू द्या, म्हटलं. संध्याकाळी तुम्हीच वाजवा.

कुणी आग्रह केला नाही, हेही बरंच. खुर्च्यांच्या रांगांमधून मी दाराकडे निघालो. पायऱ्यांवर ऊन होतं. दुसऱ्या पायरीवर असताना मागून मुनीरचा आवाज आला, "जालू! ए जालू! आरं थांब की रं!"

तेरा वर्षांपूर्वी त्या टपरीवर ज्याची वाट बघत बसलो होतो, तोच आवाज. मी न वळता हात वर केला आणि उरलेल्या पायऱ्या उतरलो. या वेळी मी खरंच निघालो होतो.